समोरची टीम बघायला जातेस ना, मग बॉलवरून नजर काढ

या वेळचं पत्र फुटबॉल खेळणाऱ्या एका राइट विंगरचं, म्हणजे उजव्या कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूचं आहे. थोडं कापून देतोय, पण शब्द तिचेच:

"गुडघ्याच्या दुखापतीमुळे हा सीझन मी बाहेर बसून आहे. सर म्हणाले नुसती बसून काय करणार, पुढच्या टीमची मॅच बघून ये आणि रिपोर्ट दे. मी गेले, नव्वद मिनिटं लिहीतच होते, चौदा पानं भरली. फॉर्मेशन, पास किती, शॉट किती, अकराच्या अकरा जणींवर एकेक परिच्छेद. मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तर निम्म्या पोरी मोबाइलमध्ये, आणि शेवटी सर म्हणाले, 'छान आहे गं, पण मग आपण करायचं काय?' मला उत्तरच आलं नाही. आता सेमीफायनल ज्यांच्याशी आहे त्यांची एक मॅच ग्राउंडवर बघायला मिळणार आहे आणि अजून एका मॅचचा व्हिडिओ आहे. नक्की काय बघू, कसं लिहू? आणि अजून एक. त्यांची लेफ्ट बॅक माझी जुनी टीममेट आणि जवळची मैत्रीण आहे. तिचा घोटा अजून पूर्ण बरा नाही हे तिने मला फोनवर सांगितलंय. हे रिपोर्टमध्ये टाकायचं का? नाही टाकलं तर ती माझ्या टीमशी गद्दारी होईल का?"

अगं, घोट्याचं नाही टाकायचं आणि ती गद्दारी होत नाही. का ते पुढे सांगतो, आधी त्या चौदा पानांकडे येऊ.

ती पानं वाया गेलेली नाहीत हे पहिल्यांदा डोक्यात घे. ती तुझी कच्ची वही आहे आणि कच्ची वही जाडच असते. गडबड एवढीच झाली की तू कच्ची वहीच रिपोर्ट म्हणून वाचलीस. सरांनी जे विचारलं, 'आपण करायचं काय', तोच खरा रिपोर्ट. समोरच्या टीमबद्दल तुला जे जे कळलं त्यातलं फक्त तेवढंच मीटिंगमध्ये न्यायचं ज्यामुळे आपली एखादी पोरगी एरवीपेक्षा काहीतरी वेगळं करेल. त्यांनी पास किती दिले हे ऐकून तुमची सेंटर बॅक, म्हणजे मधली बचावपटू, काय वेगळं करणार? काहीच नाही. पण त्यांची स्ट्रायकर लाँग बॉलवर स्वतः उडी मारतच नाही, ती सेंटर बॅकला टेकून उभी राहते आणि मागून पळत येणाऱ्या मिडफिल्डरसाठी बॉल पाडते, हे कळलं तर सेंटर बॅक आणि तिच्यापुढची मिडफिल्डर दोघींचं काम बदलतं. दर वेळी लिहिताना स्वतःला हे विचारत जा, हे वाचून कोण काय वेगळं करेल? उत्तर नसेल तर ते वहीत राहू दे.

आता बघायचं कसं. जमेल तेवढ्या उंचावर बस. खाली टचलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ बसलीस की बावीस जणींचे पाय आणि एक बॉल दिसतो, टीमचा आकार दिसत नाही. एक हाफ मधल्या रेषेच्या बाजूने बघ आणि जमलं तर दुसऱ्या हाफचा थोडा वेळ गोलच्या मागून बघ, कारण दोन खेळाडूंमधलं आडवं अंतर गोलमागून जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं बाजूने कधीच दिसत नाही. आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं लिहूच नकोस, नुसती बघ, फार तर मैदानाचा चौकोन काढून त्यात ठिपके टाक. लिहिताना मान खाली जाते आणि नेमकं तेव्हाच काहीतरी घडून जातं.

आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे बॉलवरून नजर काढणं. आपल्याला लहानपणापासून बॉलच बघायची सवय असते, त्यात तू विंगर, बॉल कधी आपल्याकडे येतोय इकडेच तुझं लक्ष. पण टीमची खरी सवय बॉलपासून लांब दिसते. बॉल त्यांच्या उजव्या बाजूला असेल तर तू डावीकडे बघ, तिकडची फुलबॅक (कडेची बचावपटू, म्हणजे लेफ्ट किंवा राइट बॅक) कुठे उभी आहे, आत सरकली का, की टचलाइनलाच चिकटून आहे, तिची नजर बॉलवर आहे की मागच्या विंगरवर. व्हिडिओत नेमकं हेच दिसत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, म्हणून ग्राउंडवरची मॅच तुझ्यासाठी जास्त मोलाची आहे. तिथे जे कॅमेऱ्याला दिसणार नाही ते बघ, बाकीचं नंतर घरी व्हिडिओ थांबवून थांबवून बघता येईल.

फॉर्मेशनच्या आकड्याला फार भुलू नकोस. तू चार-तीन-तीन (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) लिहिलंस, बरोबरही असेल, पण तो आकडा किकऑफच्या क्षणापुरता असतो. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवलं ती मॅच आठव. हंगेरीचा नांदोर हिदेगकुटी ९ नंबरची जर्सी घालून खेळत होता, म्हणजे त्या काळच्या हिशोबाने सेंटर फॉरवर्ड, पण तो मागे येऊन मिडफिल्डमध्ये खेळायचा. इंग्लंडचा सेंटर हाफ, म्हणजे मधला बचावपटू, हॅरी जॉन्स्टन, त्याला कळेना की याच्या मागे जाऊ की आपली जागा धरू. मागे गेला तर पाठीमागे भगदाड, नाही गेला तर हिदेगकुटी मोकळा. हिदेगकुटीने तीन गोल मारले. त्या दिवशी इंग्लंडला 'त्यांचा ९ नंबर कोण' हे कळून काही उपयोग नव्हता, 'त्यांचा ९ नंबर मागे गेला की त्याला कुणी घ्यायचं' हे मॅचआधी ठरलेलं हवं होतं. तुझ्या रिपोर्टमध्ये हे दुसरं वाक्य पाहिजे.

त्यामुळे आकड्याऐवजी प्रसंग पकड. त्यांच्या गोलकीपरकडे बॉल आहे आणि पुढून कुणी अंगावर येतंय, तेव्हा ती काय करते? २०१९ पासून गोलकिक पेनल्टी एरियाच्या आतच साथीदाराला देता येते, त्यामुळे बऱ्याच टीम तिथूनच छोटे पास देत बाहेर पडायला बघतात, तर यांच्यात त्या वेळी कोण खाली येतं, कोणत्या बाजूने निघतात, आणि अडकल्या की लांब कुठे मारतात? मग त्यांचा बॉल गेला की पहिली पाच सेकंदं बघ, तिथेच बॉलवर तुटून पडतात की पळत मागे जातात? आणि तुटून पडत असतील तर सगळ्या जातात की दोघी जातात आणि बाकीच्या बघत उभ्या राहतात? कारण दोघी गेल्या आणि बाकीच्या थांबल्या तर त्या दोघींच्या मागे जी मोकळी जागा होते ती तुमच्यासाठी आयती आहे. प्रेसिंग, म्हणजे बॉल असलेलीच्या अंगावर जाणं, कधी सुरू करतात तेही बघ, कुणाला बॉल मिळाला की त्यांची स्ट्रायकर सुटते, बॅक पासवर, की फुलबॅक टचलाइनकडे तोंड करून बॉल घेते तेव्हा.

बॉल हातचा जाण्याचा तो क्षण माझ्या मते सगळ्यात जास्त बोलतो. महिला वर्ल्ड कपची २०२३ ची फायनल काढून बघ, २० ऑगस्ट, सिडनी, स्पेन विरुद्ध इंग्लंड, २९ वं मिनिट. इंग्लंडची राइट विंगबॅक लुसी ब्राँझ आपली बाजू सोडून बॉल घेऊन आत, मैदानाच्या मधोमध घुसते, तिथे स्पेनच्या पोरी तिला घेरतात आणि बॉल जातो. इथपर्यंत सगळ्यांनाच दिसतं. आता व्हिडिओ तिथे थांबव आणि ब्राँझ जिथून निघाली ती जागा बघ. रिकामी. बॉल दोन-तीन स्पर्शांत त्याच रिकाम्या बाजूला जातो, मारियोना काल्देंते तो धरून ठेवते, मागून लेफ्ट बॅक ओल्गा कार्मोना पूर्ण वेगात येते आणि डाव्या पायाने जमिनीलगत लांबच्या कोपऱ्यात मारते. १-०, आणि तोच निकाल. नुसता गोल बघितला तर वाटतं कार्मोनाने काय मारला! पण स्काउटिंग करणाऱ्याने, म्हणजे समोरच्या टीमचा अभ्यास करणाऱ्याने, त्याच्या आधीची काही सेकंदं बघायची, की कोण जागा सोडून गेली आणि तिची जागा घ्यायला कोणी आलं का. तुमच्या सेमीफायनलवाल्या टीममध्ये अशी पुढे किंवा आत जाणारी फुलबॅक असेल तर ती गेल्यावर तिची जागा कोण भरतं हे प्रत्येक वेळी बघ. सेंटर बॅक सरकते का? मिडफिल्डर खाली येते का? की कुणीच नाही?

यातून मला तुला एक गोष्ट खास सांगायची आहे, की कमजोरी बऱ्याचदा एका खेळाडूत नसते, दोघींच्या मध्ये असते. 'त्यांची लेफ्ट बॅक वीक आहे' असं लिहिलं की आपल्या पोरी सगळे बॉल तिच्यावर मारत बसतात, आणि ती एकटीशी एकटी अशी झुंज कदाचित छान खेळते. खरी भानगड अशी असते की लेफ्ट बॅक पुढे विंगरवर जाते तेव्हा तिच्या बाजूची सेंटर बॅक तिच्यासोबत सरकत नाही, जागेवर उभी राहते, आणि त्या दोघींमध्ये पट्टा उघडा पडतो. मग सूचना बदलते: तुमच्या विंगरने बॉल पायात मागून लेफ्ट बॅकला बाहेर ओढायचं आणि मिडफिल्डरने त्या पट्ट्यात पळायचं. तू स्वतः विंगर आहेस, कोणती फुलबॅक अंगाला चिकटली की नकोसं व्हायचं आणि कोणती लांब उभी राहिली की बरं वाटायचं हे तुला माहीत आहे, ते वापर ना. तुझ्याजागी जी खेळणार आहे तिला तुझ्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

आता एकदा दिसलं म्हणजे सवय झाली असं नाही. हे फार सांभाळ, कारण नवीन स्काउट इथेच घसरतात. एखादी गोष्ट दिसली की बाजूला मिनिट आणि स्कोअर लिही. दोन गोलने पुढे असलेली टीम शेवटच्या वीस मिनिटांत मागे बसते, त्यावरून 'ही टीम डिफेन्सिव्ह आहे' असं लिहिलंस तर सेमीफायनलला ०-० असताना त्या अंगावर येतील आणि तुमची तयारी भलतीच असेल. समोर कोण होतं तेही लिही, दुबळ्या टीमसमोर डिफेन्सची परीक्षाच होत नाही. मैदान ओलं होतं का, वारा होता का, नेहमीची एखादी खेळाडू बाहेर होती का. तुझ्याकडे दोन मॅच आहेत, दोन्हीत दिसलं ते 'नक्की', एकाच मॅचमध्ये तीन-चारदा दिसलं ते 'बहुतेक', एकदाच दिसलं ते 'एकदा', असं सरळ लिहून टाक. सरांना त्यावरून कळेल कशावर किती भरवसा ठेवायचा.

सेट पीसला मात्र वेळ दे, भरपूर दे. चालू खेळात टीम दर वेळी काहीतरी वेगळं करते पण कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन हे पाठ केलेलं असतं, म्हणजे तेच परत होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. २०१६ च्या युरो कप स्पर्धेत आइसलंडने ऑस्ट्रियाविरुद्ध गोल कसा मारला? आरोन गुन्नारसनने टचलाइनवरून लांबलचक थ्रो टाकला, कारी आर्नासनने पुढच्या बाजूला डोक्याने तो मागे सरकवला, मागून आलेल्याने गोल. पाच दिवसांनी नीसमध्ये इंग्लंडविरुद्ध सहाव्या मिनिटाला परत तेच, गुन्नारसनचा थ्रो, आर्नासनचं डोकं, फक्त शेवटचा पाय रागनार सिगुर्डसनचा. आइसलंड २-१ ने जिंकलं आणि इंग्लंड घरी गेलं. ही काही लपवलेली चाल नव्हती, सगळ्या जगाने टीव्हीवर बघितली होती.

म्हणून कॉर्नर आला की पेन खाली ठेव आणि बॉल मारणारीकडे बघायचं सोड. आत किती जणी आहेत, सुरुवातीला कुठे उभ्या आहेत, पळायला कोण आधी सुटते आणि कोण फक्त आडवी यायला आहे, बॉक्सच्या कडेला सुटलेल्या बॉलसाठी कोण थांबलीय, मागे किती ठेवल्यात. मारणारी हात वर करते का, एक हात आणि दोन हात यात फरक आहे का. आणि कॉर्नर त्यांच्यावर असेल तर त्या जागा धरून उभ्या राहतात की एकेकीला पकडतात, पहिल्या पोस्टला कुणी आहे का, गोलकीपर बॉलसाठी बाहेर येते की रेषेवरच थांबते. प्रत्येक कॉर्नरचा छोटा चौकोन काढ, बाण काढ. दोन मॅचचे चौकोन शेजारी ठेवलेस की जे सारखं आहे ते आपोआप डोळ्यात भरेल.

आता एकेका खेळाडूबद्दल. तू 'वेगवान आहे', 'पासिंग चांगलं', 'तांत्रिकदृष्ट्या उत्तम' असं लिहिलंयस, आणि हे कुणाबद्दलही लिहिता येईल असं आहे. खेळाडूबद्दल लिहायचं तर ती कोणत्या परिस्थितीत काय करते ते लिही. 'त्यांची ६ नंबर चांगली पासर आहे' याऐवजी असं बघ: '६ नंबरला गोलकडे पाठ असताना बॉल मिळाला की ती जवळजवळ नेहमी स्वतःच्या उजव्या बाजूला वळते, डावीकडे वळायची वेळ आली तर मागे पास देते, म्हणून बॉल तिच्याकडे येत असतानाच तिच्या उजव्या खांद्याकडून जा.' झालं, तुमच्या मिडफिल्डरला आता पाय कुठे टाकायचा ते कळलं.

अकरा जणींचं असं करायला जाऊ नकोस. ज्या तिघी-चौघींवरून त्यांचा खेळ चालतो त्या निवड आणि ग्राउंडवर एकेकीला सलग दहा मिनिटं दे, ज्यात फक्त तीच, बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी तीच. सुरुवातीला कंटाळा येईल आणि मग हळूहळू दिसायला लागेल. मिडफिल्डर बॉल येण्याआधी खांद्यावरून मागे बघते का? नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी वर्षानुवर्षं याच एका गोष्टीचा अभ्यास केलाय आणि जे मिडफिल्डर बॉल यायच्या आधी जास्त वेळा आजूबाजूला बघून घेतात त्यांचे पास जास्त वेळा नीट पोचतात असं त्यांना दिसलं. जी बघत नाही तिच्यावर मागून गेलं तर तिला कळतच नाही. विंगर असेल तर तिची फुलबॅक अडचणीत असताना ती मागे धावते का? सेंटर बॅकला डाव्या पायावर बॉल दिला तर ती पुढे खेळते का, की घाईने बाहेर मारते? गोलकीपर बॅक पास कोणत्या पायाने मारते? सत्तराव्या मिनिटानंतर कोण चालायला लागतं?

जोर कुठे आहे तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिही, नुसत्या उणिवा गोळा करत बसू नकोस. आणि जोर लिहिलास की पुढे त्याला उत्तरही लिही. आर्येन रॉबेन २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं बायर्न म्युनिकला खेळला, उजव्या विंगवरून डाव्या पायावर आत येऊन मारायचा, हे शाळकरी पोरालाही माहीत होतं आणि तरी तो गोल मारतच राहिला. म्हणजे 'रॉबेन डावीकडे आत येतो' एवढं लिहून भागत नाही, आत येतो तेव्हा दुसरा माणूस कुठून येणार, फुलबॅकने किती अंतर ठेवायचं, त्याला पाठीवर बॉल मिळू द्यायचा की वळून, हे ठरवायला लागतं. तुमच्यासमोर अशी एखादी असेल तर ती काय करते हे एका ओळीत लिही आणि तिला दुहेरी कसं पकडायचं यावर सरांशी अर्धा तास बोल.

एक गंमत सांगतो, थोडं बाजूला जातंय पण सांगतोच. लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबचे स्काउट स्टीव्ह वॉल्श फ्रान्समध्ये ल हाव्रच्या मॅचला गेले होते ते दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला, आणि तिथे त्यांची नजर रियाद माहरेझवर पडली. जानेवारी २०१४ मध्ये तो लेस्टरला आला आणि २०१५-१६ ला लेस्टर प्रीमियर लीग जिंकलं तेव्हा तो त्यांचा सगळ्यात मोठा आधार होता. तर दहा मिनिटं एकीवर नजर ठेवताना शेजारी कुणी बेंचवरची अनोळखी पोरगी उतरून भलतंच काही करून गेली तर तिलाही लिहून घे, सेमीफायनलला ती पहिल्यापासून खेळू शकते.

आता मैत्रिणीचं. तिने ते तुला मैत्रीण म्हणून सांगितलं, स्काउट म्हणून नाही. ते तिच्या विश्वासाने तुझ्याकडे आलंय, तुझ्या कामातून नाही, म्हणून ते रिपोर्टमध्ये जात नाही. मैदानावर जे सगळ्यांना दिसतं ते लिहायला काहीच हरकत नाही, ती वळायला वेळ घेत असेल आणि ते दोन्ही मॅचमध्ये दिसत असेल तर तो खेळाचा भाग आहे. पण इथे प्रामाणिक अडचण ही आहे की तुला आधीच माहीत असल्यामुळे तुझे डोळे तिथेच जाणार आणि नसलेलंही दिसणार. म्हणून सरांना मॅचला जायच्या आधीच सांग, 'ती माझी मैत्रीण आहे, तिच्यावर माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाची नजर असू दे.' कारण विचारलं तरी एवढंच सांग. व्हिडिओ बघून ते काम टीममधली कुणीही करू शकते. आणि सेमीफायनल होईपर्यंत मैत्रिणीशी टीमबद्दल बोलणं दोघींनी बंद ठेवा, तिलाही त्याने हायसंच वाटेल.

ही सीमारेषा मोठ्यांच्या फुटबॉलमध्येही आहे. जानेवारी २०१९ मध्ये मार्सेलो बिएल्सा लीड्स या इंग्लिश क्लबचे कोच असताना त्यांचा एक माणूस डर्बी काउंटीच्या ट्रेनिंग ग्राउंडबाहेर सापडला. लीड्सला दोन लाख पाउंड दंड झाला आणि त्यानंतर लीगने नियमच केला की मॅचच्या आधीच्या ७२ तासांत समोरच्याचं ट्रेनिंग बघायचं नाही. पण त्या प्रकरणात मला शिकण्यासारखी वाटते ती बिएल्सांची पत्रकार परिषद. त्यांनी डर्बीचा आपण केलेला अभ्यास स्क्रीनवर उघडून दाखवला, डर्बीच्या आधीच्या सीझनच्या ५१ च्या ५१ मॅच त्यांच्या स्टाफने बघितल्या होत्या, एकेका मॅचला चार-चार तास. म्हणजे लागणारी जवळपास सगळी माहिती उघड्या मॅचमध्येच होती, कुंपणाबाहेर माणूस उभा करायची गरजच नव्हती. तुलाही लागणार ते सगळं त्या दोन मॅचमध्ये आहे. त्यांच्या प्रॅक्टिसला डोकवायचा मोह झाला तर जाऊ नकोस. आणि तुमच्याकडून कुणी 'तिच्या घोट्यावर जा' असलं काही बोललं, कुठून का कळलेलं असेना, तर तिथल्या तिथे थांबव.

'कसं लिहू' हे विचारलंस, तर रिपोर्ट सॉक्समध्ये मावेल एवढा. खरंच. ३० जून २००६, बर्लिन, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, जर्मनी-अर्जेंटिना पेनल्टीवर गेली तेव्हा गोलकीपर कोच आंद्रेआस कोप्केने येन्स लेमनला एक चिठ्ठी दिली होती, कोण कुठे मारतो याची. लेमन दर किकआधी ती सॉक्समधून काढून बघायचा. त्याने आयालाची आणि कांबियासोची अशा दोन किक अडवल्या, जर्मनी ४-२ ने जिंकलं, आणि यात कांबियासोचं नाव चिठ्ठीत नव्हतंच, तरी लेमनने त्याच्या समोर चिठ्ठी शांतपणे वाचली. तुमचीही सेमीफायनल आहे, पेनल्टीवर जाऊ शकते, तर त्यांच्या ज्या ज्या पेनल्टी तुला सापडतील त्यांची अशी एक चिठ्ठी तुमच्या गोलकीपरसाठी वेगळी कर.

बाकी टीमसाठी एक पान. त्यावर तीन गोष्टी, तीनच: त्यांचा बॉल असताना आपण काय करायचं, आपला असताना कुठे जायचं, आणि सेट पीसला काय सांभाळायचं. प्रत्येकीला तिच्यासमोर जी असेल तिच्याबद्दल एक-दोन वाक्यं, तिच्याशी वेगळं बोलून, सगळ्यांसमोर वाचून नव्हे, कारण लेफ्ट विंगरला समोरच्या राइट विंगरबद्दल ऐकायचं नसतं आणि तिथेच मोबाइल बाहेर निघतात. व्हिडिओच्या क्लिप काढल्यास तर छोट्या, एका मुद्द्याला दोन, आणि क्लिप सुरू करायच्या आधी सांग की बॉल सोडून कुणाकडे बघायचं. पण हे सगळं आधी सरांसमोर ठेव, एक दिवस आधी, आणि कोणत्या तीन गोष्टी घ्यायच्या ते त्यांना ठरवू दे. आपल्या पोरींना काय झेपेल ते त्यांना जास्त माहीत असणार, तुला दिसलेली सगळ्यात भारी चाल त्यांनी बाजूला ठेवली तर नाराज होऊ नकोस.

आणि मॅचच्या दिवशी तुझं काम संपलेलं नसतं. बेंचवर सरांच्या शेजारी बस, ते पान मांडीवर घे आणि पहिल्या दहा मिनिटांत तपास की त्या तशाच खेळतायत का जशा तू लिहिल्यात, कारण समोरही कुणीतरी तुमच्या मॅच बघून आलेलं असणार आणि त्यांनी काही बदललेलं असू शकतं. बदललं असेल तर लगेच सांग, 'सर, त्यांची ६ नंबर आज डावीकडे खेळतेय' एवढं पुरतं. हाफटाइमला एकच मुद्दा दे. मॅच झाली की, जिंकलात काय न् हरलात काय, दोन दिवसांत ते पान परत काढ आणि प्रत्येक ओळीसमोर खूण कर, खरं ठरलं, खोटं ठरलं, की तशी वेळच आली नाही. 'नक्की' लिहिलेलं खोटं ठरलं असेल तर व्हिडिओत परत जाऊन ते का वाटलं ते शोध, आणि पुढच्या टीमला बघायला जाताना ते पान वहीत पहिलं लावून ने.